काळ्या मातीतलं अंगण: निशिगंधाचे कंद लावावेत की ‘ओक’चं झाड?

अंगण_लातूर:

नमस्कार मंडळी. लातूरला ४० बाय ६० फुटांचा पूर्वमुखी प्लॉट आहे. घराचं बांधकाम ३२ बाय ३८. समोर १२ फूट, मागे पश्चिमेला १० फूट आणि दोन्ही बाजूंना चार-चार फूट जागा मोकळी आहे. चार फुटांपर्यंत काळी माती, खाली मुरूम. पाया मुरमापर्यंत नेलेला आहे. सेप्टिक टँक मागे वायव्य कोपऱ्यात, हौद आणि बोअर समोर ईशान्येला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि बोअर एप्रिलपासून दमतो.

घरात दोन मतं पडली आहेत. एक म्हणजे समोर निशिगंधाचे कंद लावायचे, म्हणजे महालक्ष्म्यांना घरची फुलं होतील. दुसरं म्हणजे फुलं बाजारातही मिळतात, त्यापेक्षा पुढच्या पिढीला सावली देईल असं एक मोठं झाड लावायचं. नर्सरीवाल्यानं ‘ओक’ सुचवलाय. चार फुटी रोप तयार आहे, सरळ वाढतं, जागा कमी खातं असं त्याचं म्हणणं.

पाणी, मेहनत आणि घराला होणारा धोका धरून काय परवडेल? दोन्ही लावले तर एकमेकांच्या आड येतील का? आणि हा ओक आपल्याकडे टिकतो का?

काळी_माती:

आधी ओकचा विषय मिटवू. तुम्हाला दाखवलेलं रोप नक्कीच सिल्व्हर ओकचं असणार. पान बारीक चिरलेलं आणि उलटून पाहिलं तर मागून चंदेरी दिसलं की समजा तेच आहे. हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याकडचं. नावात ओक असला तरी खऱ्या ओकशी त्याचं काही नातं नाही, कूळच वेगळं. कूर्ग-चिकमंगळूरला कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात. तिथं निचऱ्याची जमीन आहे, पाऊस भरपूर आहे. आपल्या काळ्या मातीत जुलै-ऑगस्टची झड लागली की बुडात पाणी साचतं आणि त्याची मुळं गुदमरतात. शिवाय लाकूड ठिसूळ. एप्रिल-मेमध्ये अवकाळीचं वारं सुटलं की वरच्या फांद्या मोडून पडतात, आणि तुमच्या प्लॉटवर ती फांदी एक तर स्लॅबवर पडणार, नाही तर शेजारच्याच्या गाडीवर. उंची सहज ६० फुटांच्या पुढे जाते, सावली मात्र विरळ. जागा कमी खातं हे खरं आहे, पण तुम्हाला हवी आहे ती सावली. या झाडाला डीएपीसारखं स्फुरदाचं जास्त खतही मानवत नाही.

खरा ओक म्हणजे बांज वगैरे. तो उत्तराखंडात मसुरी-नैनिताल भागात साधारण १२०० मीटरच्या वर जंगलभर दिसतो. त्याला थंडी लागते, उन्हाळा सौम्य लागतो आणि पानझडीच्या कुजीनं मऊ झालेली, आम्लाकडे झुकणारी माती लागते. लातूरची उंची ६०० मीटरच्या आसपास, माती चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या पुढे आणि मे महिन्यात पारा ४१-४२ अंशांवर. दख्खनच्या पठारावर ओकची एकही जात मूळची नाही, त्याचं कारण हेच. ऑनलाइन ‘ओकचं बी’ मिळतं तेही मागवू नका. ओकचं बी वाळलं की मरतं, त्याला ओलसर ठेवूनच पेरावं लागतं. पाकिटात खडखडीत वाळून आलेलं बी उगवत नाही, मग माणूस स्वतःच्या पाण्याला किंवा मातीला दोष देत बसतो.

आता मूळ प्रश्न. कंद आणि झाड यांची तुलना फुलांवर किंवा सावलीवर करू नका. चूक झाली तर ती निस्तरता येते का, यावर करा. कंदाची जागा चुकली तर पुढच्या उन्हाळ्यात टिकावानं उकरून दुसरीकडे लावता येतो. झाडाची जागा चुकली तर पाच वर्षांनी ते हलत नाही. आणि शहराच्या हद्दीत झाड तोडायचं म्हटलं तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, स्वतःच्या अंगणात असलं तरी. म्हणून आधी झाडाची जागा आणि जात ठरवा, मग उरलेल्या उन्हात कंद बसवा. उलट क्रमानं केलं की आठ-दहा वर्षांत कंद सावलीत जातात आणि नुसती पानं देतात.

तुमच्या प्लॉटवर झाडाची एकच जागा आहे: मागचा नैऋत्य कोपरा. घराच्या भिंतीपासून सात फूट, कंपाउंडपासून तीन फूट. दुपारी दोन ते सहाचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर आपटतं, तेच आपल्याकडे घर तापवतं, आणि सेप्टिक टँक तिथून तीसेक फूट लांब राहतो. त्या जागेला माझी पसंती बकुळीला. बारमाही हिरवी, सावली दाट, फांद्या चिवट आणि छाटणी सहन करते. वाढ संथ आहे, हे आधीच सांगतो. पहिली पाच-सात वर्षं सावलीची घाई नको.

प्लिंथ_बीड:

वरच्या उत्तरात बांधकामाची बाजू राहिली, ती मांडतो.

काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात भेगा पडतात ना, हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या, तसल्याच भेगा अंगणातही पडतात, फक्त फरशीखाली असल्यामुळं दिसत नाहीत. मोठं झाड उन्हाळ्यात मुळांनी आजूबाजूची ओल ओढून घेतं, त्यामुळं त्या भागातली माती बाकीच्या अंगणापेक्षा जास्त आकसते. पाया मुरमावर टेकला असेल तर मुख्य भिंतींना सहसा काही होत नाही, तुमचं तेवढं चांगलं झालंय. तडे जातात ते कंपाउंडला, कारण कंपाउंडचा पाया बहुतेक वेळा दीड-दोन फुटांवर, काळ्या मातीतच सोडलेला असतो. दुसरं म्हणजे मागची फरशी आणि पेव्हर ब्लॉक, ते उचलले जातात किंवा खचतात.

कंपाउंड अजून बांधायचं असेल तर दर दहा फुटांवर कॉलम मुरमापर्यंत न्या आणि त्यावर प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीची आडवी तुळई) टाका. नैऋत्य कोपऱ्यात बीमखाली चार इंच पोकळी सोडा, म्हणजे माती फुगली तरी भिंत उचलत नाही. आधीच बांधलेलं असेल तर झाडाच्या दोन्ही बाजूंना भिंतीत अर्ध्या इंचाचा उभा सांधा सोडवून घ्या. तडा जायचाच असेल तर तो सांध्यात जाईल.

झाड लावतानाच घराच्या बाजूला, भिंतीपासून तीन फुटांवर, तीन फूट खोल चर खणून जाड एचडीपीई (प्लास्टिकची) शीट उभी गाडून टाका. नंतर मुळं तोडून शीट बसवायला गेलात तर झाड एका अंगानं कमजोर होतं आणि वाऱ्यात तिकडेच कलतं.

वड, पिंपळ, उंबर या तिघांना प्लॉटवर थारा देऊ नका. स्लॅबच्या पाइपात पक्ष्यांनी टाकलेलं बी उगवलं तरी रोप बोटभर असतानाच मुळासकट काढा. शोषखड्डा आणि जुने सिमेंटचे पाइप यांच्या सांध्यांत सगळ्याच झाडांची मुळं शिरतात. पीव्हीसीचा चिकटवलेला सांधा असेल तर बराच निर्धास्तपणा आहे.

कंदांबद्दलही एक सांगतो. निशिगंधाचा वाफा भिंतीला चिकटून करू नका. उन्हाळाभर भिंतीच्या बुडाशी पाणी पडलं की तिथली माती फुगलेली राहते, बाकीची आकसलेली, आणि प्लिंथला ओल चढते ती वेगळीच. वाफा कंपाउंडच्या बाजूला घ्या, घरापासून निदान चार फूट सोडून. हौदाच्या भिंतीपासूनही तेवढंच.

गुलछडी_परभणी:

निशिगंधाबद्दल सविस्तर लिहिते, कारण यात लोक दोन-तीन ठिकाणी हमखास चुकतात आणि मग ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणून मोकळे होतात. मराठवाड्यात हे पीक छान येतं.

जागा: पूर्वेचं १२ फुटी अंगण योग्य आहे. सकाळी साडेसहापासून दुपारी साडेबारापर्यंत ऊन मिळालं तर पुरतं. सहा तासांच्या खाली गेलं तर दांडे उंच, लुळे आणि कमी येतात.

वाफा: १० बाय ३ फुटांचा घ्या. काळ्या मातीत सपाट वाफा चालत नाही, पावसाळ्यात कंद कुजतो. जमिनीपासून २० सेंटिमीटर उंच गादीवाफाच हवा. बरेच जण माती ‘हलकी’ करायला दोन-चार घमेली वाळू टाकतात. थोडी वाळू चिकणमातीत मिसळली की उन्हाळ्यात ती आणखी घट्ट बसते. त्याऐवजी पूर्ण कुजलेलं शेणखत १० ते १२ किलो, निंबोळी पेंड एक किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट २५० ग्रॅम, हे वरच्या एक फूट मातीत मिसळा. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश ९० ग्रॅम. युरिया सगळा मिळून १२० ग्रॅमच्या आसपास, तो लागवडीनंतर एक, दोन आणि तीन महिन्यांनी ४०-४० ग्रॅम ओळींच्या मधून, आणि लगेच पाणी. हेक्टरी २००:१५०:२०० किलो नत्र, स्फुरद, पालाश असं जे प्रमाण धरतात, त्यावरून हा हिशेब काढलाय. शेणखत कच्चं वापरू नका. त्यात हुमणीच्या अळ्या येतात, त्या कंदाची मुळं खातात आणि वरून फक्त पान पिवळं दिसतं.

कंद: विकत घेताना ढीगभर पाहू नका, एकेक हातात घ्या. २.५ ते ३ सेंटिमीटर जाडीचा, चातीच्या आकाराचा, ३० ग्रॅमच्या आसपास वजनाचा कंद घ्या. बुडाची चकती अंगठ्यानं दाबा, ती दबली तर आतून कूज आहे. हरभऱ्याएवढे बारीक कंद स्वस्त मिळतात, पण ते पहिलं वर्ष पानातच घालवतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो. फुलून गेलेला कंद पुन्हा दांडा देत नाही, त्याच्या बाजूला आलेली पिल्लं पुढच्या खेपेला फुलतात. त्यामुळं कोणी जुन्या वाफ्यातले मधले कडक, सुकलेल्या दांड्याचा वण असलेले कंद फुकट देत असेल तरी घेऊ नका.

कंद काढल्यावर चार ते सहा आठवडे सावलीत, हवेशीर पसरून विश्रांती मिळालेली हवी. ताजे काढून लगेच लावले तर उगवण मागेपुढे होते.

जात: हारासाठी, महालक्ष्म्यांसाठी सिंगल. वास भरपूर, सुटी फुलं तोडता येतात. ‘प्रज्वल’, ‘शृंगार’, ‘फुले रजनी’ या सिंगल जाती. ‘सुवासिनी’ आणि ‘वैभव’ डबल, त्या फुलदाणीत छान दिसतात, पण वास कमी आणि कळ्या पूर्ण उमलत नाहीत. ‘शृंगार’ मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला बऱ्यापैकी दाद देत नाही. आधी त्या जागेत वांगी, टोमॅटो किंवा भेंडी घेतली असेल तर हीच निवडा.

लागवड: एप्रिलअखेर ते मे. दोन ओळींत ३० सेंटिमीटर, दोन कंदांत २०. तुमच्या वाफ्यात तीन ओळी, ओळीत १५, म्हणजे ४५ कंद बसतील. कंद कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात, लिटरला एक ग्रॅम, वीस मिनिटं बुडवा आणि सावलीत सुकवून पाच ते सात सेंटिमीटर खोल, शेंडा वर करून लावा. त्याहून खोल गेला तर काळ्या मातीत कोंब वर यायलाच महिना जातो. लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या आणि मग कोंब दिसेपर्यंत हात आवरा. पहिल्या तीन आठवड्यांत रोज पाणी घालूनच सगळ्यात जास्त कंद कुजतात, त्याला अजून मुळं नसतात, पाणी प्यायचं कशानं?

तीन-साडेतीन महिन्यांनी दांडे सुरू होतात. मेच्या पहिल्या आठवड्यात लावलं तर ऑगस्टअखेर-सप्टेंबरला फूल, म्हणजे बहुतेक वर्षी महालक्ष्म्यांना गाठ पडते. जूनअखेर लावलं तर दसऱ्याच्या सुमारास. पहिल्या वर्षी कंदाला एखाद-दुसरा दांडा, दुसऱ्या वर्षी गड्ड्याला तीन-चार.

रोग: पावसाळ्यात जमिनीलगत पानाच्या बुडाशी पांढरी बुरशी आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती खोडकूज. तेवढं रोप चारी बाजूंच्या मातीसकट उचलून जाळा, शेजारच्या रोपांना कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम याप्रमाणे आळवणी. आधीपासूनच काळजी घ्यायची तर लागवडीनंतर आठ-दहा दिवसांनी शेणखतातून ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी द्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्सही या कामाला चालतं, पाकिटावरच्या प्रमाणात. पण ते आणि रासायनिक बुरशीनाशक एकाच आठवड्यात देऊ नका, जिवंत बुरशी मरून जाते.

फुलं संपली की दांडा कापा, पान कापू नका. हिरवं पान हीच पुढच्या कंदाची भाकर. दिवाळीला अंगण आवरताना पानं कात्रीनं साफ करणाऱ्यांची दुसऱ्या वर्षीची फुलं निम्मी होतात.

अंगण_लातूर:

खूप उपयोगी माहिती मिळाली, तिघांचेही आभार. सिल्व्हर ओक रद्द. आता तीन शंका. पाण्याचा हिशेब लिटरमध्ये कोणी सांगेल का? आमच्याकडे २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, त्यामुळं तसं वर्ष पुन्हा आलं तर काय वाचेल हे आधी पाहावं लागतं. दुसरं, बकुळीऐवजी बहावा किंवा लिंब (कडुलिंब) का नको? वडिलांची लिंबावर श्रद्धा आहे. तिसरं, उत्तरेच्या चार फुटी पट्टीत काही लावता येईल का, की तिथं फरशीच टाकावी?

काळी_माती:

लिंबाला नाव ठेवायला जागा नाही. चुनखडी, कमी पाऊस, ४३ अंश, सगळं झेलतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतो आणि पाडव्यापर्यंत नवी पालवी येते, म्हणजे एप्रिल-मेला सावली तयार. पण त्याचा विस्तार ३०-४० फुटांचा आणि तुमची पट्टी दहा फुटांची. मग दरवर्षी घराच्या बाजूनं फांद्या तोडाव्या लागतात आणि झाड मागच्या कंपाउंडकडे एकांगी होतं. वडिलांना सांगा, लिंब कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये लावू, घरापासून २५ फूट तरी लांब. तिथं तो पूर्ण वाढेल आणि सगळ्यांना सावली देईल.

बहावा सुंदर, पण सावलीसाठी लावायचं झाड नव्हे. एप्रिल-मेमध्ये पिवळे घोस येतात तेव्हा अंगावर पान जवळपास नसतं. नेमक्या ज्या दोन महिन्यांत पश्चिमेची भिंत झाकायची, त्याच वेळी तो उघडा. फुलांसाठी लावायचा असेल तर लावा, भिंतीसाठी नको.

पाणी. झाडाचं आधी सांगतो. पहिल्या उन्हाळ्यात दर पाच दिवसांनी १५ ते २० लिटर. दुसऱ्या उन्हाळ्यात दर दहा दिवसांनी ३० लिटर. तिसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी ४० लिटर. रोज तांब्याभर पाणी दिलं तर मुळं वरच्या सहा इंचांतच फिरत राहतात आणि एक आठवडा चुकला की झाड माना टाकतं. खोडापासून दीड फुटावर दहा-बारा लिटरचा माठ गळ्यापर्यंत गाडून, बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात वात घालून ठेवा. माठ भरला की चार-पाच दिवस मुळांपाशी ओल राहते, वर उडून जात नाही. तीन वर्षांनंतर बकूळ एरवी पाण्याविना निभावते, फार कडक उन्हाळा असेल तर महिन्यातून दोनदा द्या.

खड्डा मेमध्येच घ्या, तीन बाय तीन बाय तीन फूट, आणि महिनाभर उन्हात तापू द्या. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीत पहारीनं खणला तर खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात, त्या वाळून कडक बनतात आणि मुळं आतच गोल फिरतात. भिंती कुदळीनं खरवडून घ्या. भरताना खणलेलीच माती, १५ किलो शेणखत, एक किलो निंबोळी पेंड. नुसतं भारी खत आणि लाल माती भरली तर खड्डा पाण्याचं टाकं होतो, कारण भोवतालची काळी माती पाणी पुढे जाऊ देत नाही. भरलेला खड्डा जमिनीपेक्षा सहा इंच उंच ठेवा, बसल्यावर बरोबर होतो. पिशवी फाडल्यावर बुडाला गुंडाळी झालेली मुळं दिसली तर ती कात्रीनं कापा, घाबरू नका. रोपाची मान मातीत गाडू नका.

करंज_नांदेड:

बकुळीला विरोध नाही, पण ज्याला चार-पाच वर्षांत सावली हवी आहे त्यानं करंजीचा विचार करावा. काळ्या मातीत, खारवट पाण्यात, चुनखडीत वाढते. उन्हाळ्याच्या तोंडाला पान झाडते आणि एप्रिलमध्ये कोवळी चकचकीत पालवी येते, मेमध्ये गर्द सावली. मुळांवर गाठी असतात, हवेतलं नत्र धरते, त्यामुळं खताचं कौतुक करावं लागत नाही.

काळी_माती:

वाढीबद्दल बरोबर आहे. पण दहा फुटी पट्टीत करंजीला दोन अडचणी आहेत. मुळांतून जागोजागी फुटवे येतात, ते पेव्हरच्या फटींतून वर निघतात. आणि शेंगा-फुलांचा सडा मोठा, मागे धुणं वाळत घालायची जागा असेल तर रोज झाडलोट. मोकळा प्लॉट असता तर मीही करंजच सांगितली असती.

गुलछडी_परभणी:

वाफ्याच्या पाण्याचा हिशेब. मे महिन्यात आच्छादनासह चौरस मीटरला आठवड्याला ३० ते ३५ लिटर. तुमचा वाफा २.८ चौरस मीटर, म्हणजे आठवड्याला ८४ ते ९८ लिटर. पंधरा लिटरच्या तीन बादल्या, आठवड्यातून दोनदा, एवढं धरा. आच्छादनाला सोयाबीनचा भुसा किंवा उसाचं पाचट, दोन इंच. कोंब वर आल्यानंतरच घाला आणि कोंबाभोवती बोटभर जागा सोडा. पावसाळ्यात पंधरा दिवसांची उघडीप पडली तरच पाणी, नाही तर नको. भाजी-डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. कपड्यांचं साबणाचं पाणी नको, त्यातल्या सोडियमनं काळी माती वरून पापुद्रा धरते आणि पाणी मुरत नाही. आरओ मशीनचं टाकाऊ पाणीही नको, त्यात क्षार एकवटलेले असतात.

टंचाईचं वर्ष आलं तर निशिगंध मरत नाही. पाणी तोडलं की पानं वाळतात, कंद जमिनीत झोपून राहतो. अगदीच पाणी नसेल तर मार्चमध्ये कंद काढा, माती झटका, सावलीत टोपलीत पसरून ठेवा आणि मृगाचा पाऊस झाल्यावर पुन्हा लावा. फूल उशिरा येईल, पण बेणं वाचतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षीच्या झाडाला ही सोय नाही. म्हणून टँकरचं पाणी आलं तर पहिली बादली बकुळीला, नंतर वाफ्याला.

बोअरचं पाणी जड असल्यानं पावसाळ्यात नवी पानं पिवळी पडतील आणि शिरा हिरव्या राहतील. ही लोहाची कमतरता, पाण्याची नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व मिसळून संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. चुनखडीच्या मातीत साधं फेरस सल्फेट मुळाशी टाकून फारसा उपयोग होत नाही, ते तिथंच अडकतं.

उत्तरेची पट्टी वाया घालवू नका. लातूरला मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळं त्या अडीच महिन्यांत घराच्या उत्तरेलाही बऱ्यापैकी ऊन पडतं. हिवाळ्यात मात्र पूर्ण सावली. या वेळापत्रकाला निशिगंध बसत नाही, पण फुटबॉल लिली आणि रेन लिली बसतात. फुटबॉल लिलीचा लाल गोळा मे-जूनमध्ये जमिनीतून थेट वर येतो, पान नंतर, आणि हिवाळ्यात सगळं वाळून जातं. कंदाची मान जमिनीच्या पातळीला ठेवा, दोन कंदांत एक वीत, आणि तीन-चार वर्षं अजिबात हलवू नका. उकरून जागा बदलली की एखादं वर्ष फूल देत नाही. रेन लिली पुढच्या कडेला, तीन-चार सेंटिमीटर खोल, चार बोटांच्या अंतरानं. कोरड्या उघडिपीनंतर जोरदार सर पडली की फुलते. उन्हाळ्यात तिला रोज थोडं-थोडं पाणी देत राहिलात तर पानंच वाढतात. पाणी तोडा, वाळू द्या, मग पाऊस पडू द्या.

फुटबॉल लिली आणि रेन लिली दोन्हींचे कंद विषारी. लहान मुलं खेळतात तिथं आणि शेळ्यांच्या तोंडाशी नकोत. साठवतानाही कांद्याच्या टोपलीशेजारी ठेवू नका, दिसायला सारखेच दिसतात. पट्टी चार फुटांचीच आहे, म्हणून भिंतीलगत दीड फूट प्लिंथ प्रोटेक्शनची फरशी ठेवून उरलेल्या अडीच फुटांत कंद लावा. इथं पाणी फार लागत नाही, त्यामुळं चार फूट अंतराचा नियम जरा सैल केला तरी चालेल ना, प्लिंथवाले भाऊ?

प्लिंथ_बीड:

चालेल ताई, पण फरशीचा उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला हवा, फुटाला पाव इंच तरी. आणि पावसाळ्यात गच्चीचा पाइप त्या पट्टीत सोडलेला नको, तो थेट गटारात किंवा बोअरच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात न्या.

अंगण_लातूर:

म्हणजे मे महिन्यात नैऋत्येला बकुळीचा खड्डा आणि समोर निशिगंधाचा वाफा, उत्तरेला लिली. एकच राहिलं: निशिगंध किती वर्षांनी उकरायचा? आणि ट्यूलिप इथं येत असेल तर घरच्यांना तेही लावायचं आहे.

गुलछडी_परभणी:

ट्यूलिपला फुलायला आधी तीन महिने नऊ अंशांच्या खालची थंडी लागते. फ्रिजमध्ये ठेवलेले कंद आणून एकदा फूल काढता येतं, ते आपल्या उन्हात फार टिकत नाही आणि कंद दुसऱ्या वर्षी उपयोगाचा राहत नाही. त्याच पैशात अमरिलिस घ्या. कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग मातीच्या वर ठेवून कुंडीत लावा, नोव्हेंबर ते जानेवारी पाणी तोडा, फेब्रुवारीत सुरू करा, मार्च-एप्रिलला फूल येतं.

निशिगंध तीन वर्षांनी उकरा. त्याच्या पुढे गड्ड्यात कंदांची गर्दी होते, दांडे आखूड येतात आणि दांड्यावरची फुलं कमी होतात. फेब्रुवारीत पाणी तोडा, पानं पिवळी पडून आडवी झाली की मार्चमध्ये कुदळ गड्ड्यापासून वीतभर लांब घालून खालून उचला. जवळ घातली तर कंद कापला जातो आणि कापलेला कंद साठवणीत शेजारचेही कुजवतो. माती झटकून, मुळं बोटभर ठेवून कापून, कंद सावलीत एकाच थरात पसरा आणि दर तीन-चार दिवसांनी हलवा. नंतर तीन वाटे करा: २.५ सेंटिमीटरपेक्षा जाड कंद नव्या वाफ्यात, मध्यम आकाराचे एखाद्या कोपऱ्यात वर्षभर पोसायला, आणि गड्ड्याच्या मधले फुलून गेलेले कडक कंद खताच्या खड्ड्यात. त्याच वाफ्यात लगेच निशिगंध लावू नका. एक हंगाम झेंडू घ्या, सूत्रकृमी कमी होतो आणि दसऱ्याला फुलंही मिळतात. तेवढा एक हंगाम निशिगंधासाठी अंगणाच्या आग्नेय बाजूला दुसरा वाफा करा, तिथंही सकाळचं ऊन तेवढंच आहे.